मिनी ट्रॅक्टर घ्यायचाय? आधी तास मोजा

आमचं रान जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. सात एकर. तीन एकर मोसंबी, बाकीच्यात कपाशी, तूर, सोयाबीन, आणि पाणी टिकलं तर हरभरा. २०१५ च्या दुष्काळात चाऱ्याला पैसा पुरेना म्हणून बैलजोडी विकली आणि पुढच्या वर्षी मिनी ट्रॅक्टर घेतला. १५ एचपी (अश्वशक्ती), एक सिलिंडर, मागची दोन चाकं ओढणारा. सगळ्यात स्वस्त तोच होता. विकणाऱ्याने त्याला चार फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं औजार) जोडून दिला. पहिल्याच उन्हाळ्यात कपाशीच्या पऱ्हाट्या काढलेल्या रानात इंजिन दम टाकायला लागलं. तीन वर्षांनी तो ट्रॅक्टर निम्म्याहून कमी किमतीत गेला. २०२० ला नीट चौकशी करून २४ एचपीचा, चारही चाकं ओढणारा घेतला, तो आजही चालू आहे. मधल्या काळात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय, म्हणजे पहिला ट्रॅक्टर घेणाऱ्याचे पैसे वाचतील.

आपल्याकडे तास दोन असतात, घड्याळाचा आणि पिकाच्या ओळीचा. मिनी ट्रॅक्टर घेताना दोन्ही मोजावे लागतात. एचपी आणि कंपनी यांची चर्चा त्यानंतरची.

१. वही काढा आणि घड्याळाचे तास लिहा

गेल्या वर्षी कोणत्या कामाला भाड्याचा ट्रॅक्टर किंवा बैलं लावली, कितीदा, किती एकरांवर, ते लिहून काढा. मोगडा (लोखंडी दातांच्या औजाराची मशागत), रोटा (रोटाव्हेटर), पेरणी, कोळपणी (ओळींमधलं तण काढणं), फवारणी, शेणखत, रास घरी आणणं, सगळं.

तास असे काढा: चार फुटी रोटाव्हेटर ताशी तीन किलोमीटरने चालला, तर वळणं आणि थांबणं धरून एकराला साधारण दीड तास लागतो. तीन फुटीला जवळपास दोन तास. मोसंबीत वर्षाला पाच पाळ्या, तीन एकर, म्हणजे तिथेच बावीस-तेवीस तास. अशी बेरीज केली तेव्हा आमचे घरचे तास ११० भरले. चुलत्यांचं आणि मेहुण्याचं लागून असलेलं रान धरलं तर २६०.

हा आकडा का लागतो ते सांगतो. चार लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज शिल्लक रकमेवर, पाच वर्षं आणि सहामाही हप्ते असं धरलं तर एक हप्ता ५१,८०० च्या आसपास येतो. वर्षाला १,०३,६००. वर्षात ११० तासच ट्रॅक्टर चालला तर एका तासाला नुसता हप्ताच ९४० रुपये पडतो. २६० तास चालला तर ४००. डिझेल, ऑइल, चालवणाऱ्याची मजुरी वेगळी. तुमच्या गावात भाड्याचा दर काय आहे तो याच्या शेजारी लिहा.

तास फारच कमी भरत असतील तर दोन वाटा आहेत. एक, भावकीतल्या दोघा-तिघांनी मिळून घेणं. पण कोणाचं काम आधी हे कागदावर ठरवा, कारण वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, सगळ्यांच्या रानात एकाच दिवशी येतो. दुसरी, यंदा थांबणं. थांबण्यात कमीपणा नाही.

२. टेप घेऊन रानात जा आणि पिकाचे तास मोजा

या पायरीला अर्धा दिवस द्या, कारण मिनी ट्रॅक्टर घ्यायचाच मुळी ओळींमध्ये चालवण्यासाठी. मोकळ्या रानातलं काम मोठा ट्रॅक्टर तासाभरात उरकतो, तिथे आपण त्याच्याशी बरोबरी करू शकत नाही.

बागेत दोन झाडांच्या बुंध्यांमधलं अंतर मोजू नका, फांद्यांमधलं मोजा. मोसंबी अठरा-वीस फुटांवर लावलेली असते, पण आठ-दहा वर्षांच्या बागेत खालची मोकळी जागा निम्मीच उरते. डाळिंबात १५ बाय १० फुटांची लागवड असेल तर दहा फुटांच्या बाजूने ट्रॅक्टर घालायचा विचार सोडून द्या. द्राक्षाची ओळ साधारण नऊ फुटांची, तिथे तीन ते चार फूट रुंदीचा मिनी आरामात जातो, मोठा अडकतो. द्राक्ष बागायतदार छोट्या ट्रॅक्टरकडे वळतात ते त्यामुळेच.

उंचीही मोजा. चालक बसल्यावर डोक्यापर्यंत किती, आणि सायलेन्सर उभा आहे की खालून गेलेला. उभा सायलेन्सर मोसंबीच्या फांद्या मोडतो आणि गरम नळीने पानं होरपळतात. बागेसाठी घेत असाल तर सायलेन्सर खाली किंवा बाजूला असलेलंच मॉडेल बघा. सुरक्षेची लोखंडी कमान असेल तर ती बागेत दुमडता येते का तेही विचारा.

कपाशीत दोन प्रकारे चालता येतं. एक म्हणजे दोन तासांच्या मधून. त्यासाठी ट्रॅक्टरची बाहेरून बाहेर रुंदी ओळीच्या अंतरापेक्षा निदान एक फुटाने कमी हवी. चार फुटी कपाशीत तीन फुटी ट्रॅक्टर घातला तर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच उरतात. सरळ हात असलेला माणूस तेवढ्यात नेतो, नवखा झाडं तुडवतो. पाच फुटांवर बिनघोर जातो. दुसरा प्रकार म्हणजे ओळ पोटाखाली घेऊन दोन्ही चाकं शेजारच्या मोकळ्या जागेत चालवायची. मग पोटाखालची मोकळी उंची महत्त्वाची. मिनी ट्रॅक्टरमध्ये ती बहुधा फुटाभराच्या आत असते, म्हणून हे काम पीक लहान असेपर्यंतच. अठरा इंची सोयाबीनमध्ये कोळपं चालवायचं असेल तर चाकांचं अंतर तीन फुटांवर बसतं का आणि टायर पातळ आहे का ते पाहा. चाकांचं अंतर कमी-जास्त करता येतं, पण प्रत्येक मॉडेलमध्ये कुठून कुठपर्यंत, ते विचारून वहीत लिहा.

शेवटी धुऱ्याकडे बघा. वळायला दहा-बारा फूट मोकळी जागा आहे का? आखाड्याचं फाटक, पाणंद, ओढ्यावरची फरशी किती रुंद आहे?

पुढच्या वर्षी लागवड करणार असाल तर उलटा विचार करा. ट्रॅक्टरची रुंदी धरूनच ओळीचं अंतर ठरवा. आम्ही कपाशी चारवरून पाच फुटांवर नेली आणि मधल्या खुरपणीचा बराच खर्च गेला.

३. काळ्या रानाशी खोटं बोलू नका

मराठवाड्यातली भारी काळी जमीन ओली असली की फुगते, वाळली की भेगाळते आणि दगडासारखी होते. एप्रिलमध्ये त्या रानात मिनी ट्रॅक्टरने खोल नांगरट होत नाही. विकणारा काहीही सांगो, होत नाही. पाऊण ते एक टन वजनाच्या यंत्राला तेवढी पकडच मिळत नाही. चाकं जागेवर फिरतात, टायर झिजतो, क्लच जळतो.

खोल नांगरट ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरला पलटी नांगर लावून भाड्याने करून घ्या. आम्ही दर तिसऱ्या वर्षी करतो. त्याचा खर्च पहिल्या पायरीच्या हिशोबात धरा. मिनी ट्रॅक्टरकडे बैलजोडीची कामं द्या: पाळी, पेरणी, कोळपणी, फवारणी, बागेतला रोटा, हलकी वाहतूक.

हलकं वजन पावसाळ्यात मात्र कामाला येतं. दोन टनी ट्रॅक्टर अजून धुऱ्यावर उभा असतो तेव्हा आपला मिनी रानात उतरलेला असतो आणि माती कमी दाबतो. आमच्याकडे कोळपणीची उघडीप चार-पाच दिवसांची मिळते. ती हाताला लागली तर तण आटोक्यात राहतं, हुकली तर मजूर शोधत फिरावं लागतं. माझ्या मते मिनी ट्रॅक्टरचा खरा फायदा एवढ्यातच आहे.

रोटाव्हेटरबद्दल एक काळजीचं सांगणं. दरवर्षी तेवढाच फिरवला तर वरची चार-पाच इंच माती पिठासारखी होते आणि तिच्याखाली घट्ट थर बसतो. पाणी मुरत नाही. मोगडा आणि रोटा आलटून पालटून वापरा.

४. एचपी किती

कंपनी जो आकडा सांगते तो इंजिनाचा. रोटाव्हेटर आणि ब्लोअर (पंख्याने औषध फवारणारं यंत्र) फिरवतो तो पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, आणि त्याची ताकद इंजिनापेक्षा कमी असते. २४ एचपी इंजिनाच्या मागे पीटीओवर वीसच्या आसपास मिळते. म्हणून कोटेशन मागताना 'पीटीओ एचपी किती' हे लिहून घ्या.

साधारण अंदाज असा:

११ ते १५ एचपी: हलकी-मध्यम जमीन, भाजीपाला, दोन-तीन एकर, छोटी फवारणी. भारी काळ्या रानात रोटा ओढताना अपुरा.

१८ ते २२ एचपी: तीन फुटी रोटा, पेरणी, कोळपणी, लहान बाग.

२४ ते २८ एचपी: साडेतीन ते चार फुटी रोटा, मोसंबी-आंबा-द्राक्षातला ब्लोअर, दीड-दोन टन ट्रॉली.

बाजारात बरीच नावं आहेत. महिंद्राचे जिवो आणि ओजा, स्वराजचे ७१७ आणि टार्गेट, कुबोटाचा निओस्टार, जॉन डिअरचा ३०२८, तसंच व्हीएसटी, कॅप्टन, सोनालिका, आयशर, मॅसी. अमुकच घ्या असं मी सांगणार नाही, कारण निवड तुमच्या ओळींवर आणि जवळच्या मेकॅनिकवर ठरते.

कागदावरचं खरं-खोटं करायचं असेल तर मध्य प्रदेशातल्या बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे, तिचा त्या मॉडेलचा तपासणी अहवाल डीलरकडे मागा. अहवालातल्या चार गोष्टी बघा: पीटीओवरची जास्तीत जास्त ताकद, डिझेलचा खप, वळणाची त्रिज्या आणि लिफ्टची, म्हणजे औजार उचलणाऱ्या हातांची, क्षमता. लिफ्टचे दोन आकडे असतात. जोडणीच्या टोकावरचा मोठा, आणि मागे चौकट लावून मोजलेला लहान. औजार मागे लटकत असतं, म्हणून लहान आकडा धरा.

५. दोन चाकी ओढ की चार चाकी

चार चाकी ओढ महाग पडते, भाग जास्त, पुढच्या अ‍ॅक्सलची देखभाल वेगळी. तरीही भारी काळं रान, चढउतार किंवा ब्लोअरचं काम यांपैकी काहीही असेल तर मी चार चाकीच घ्यायला सांगेन. दोनशे लिटरची टाकी म्हणजे पाण्याचेच दोनशे किलो, वर पंप आणि पंखा. एवढं मागे लटकलं की हलक्या ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि स्टेअरिंग हलकं होतं. चार चाकीत पुढचं वजन आणि पकड दोन्ही बरी राहतात. तरीही पुढची वजनं लावून घ्याच.

हलकी-मध्यम, सपाट जमीन आणि नुसती पेरणी-कोळपणी असेल तर दोन चाकी पुरते. मागच्या टायरमध्ये पाणी भरलं की पकड सुधारते.

याच बैठकीत आणखी तीन गोष्टी ठरवा. ब्लोअर चालवायचा असेल तर डबल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ हवा, नाहीतर दरवेळी क्लच दाबला की पंखा थांबतो आणि झाडाला औषध कमी-जास्त बसतं. ब्रेक तेलातले घ्या. आणि स्टेअरिंग पॉवरचं असेल तर बागेत दिवसभर वळून खांदे भरून येत नाहीत. आमच्या घरी आता बायकोही फवारणीला ट्रॅक्टर चालवते. जुन्या गाडीवर ते जमलं नसतं.

६. औजारं आधी ठरवा

मी उलटं केलं होतं, म्हणून हे वेगळं लिहितोय. वहीतली कामं बघा, त्यासाठी लागणाऱ्या औजारांची यादी करा, त्यांचं वजन आणि त्यांना लागणारा एचपी विचारा आणि मग ट्रॅक्टर निवडा. रोटाव्हेटरची रुंदी चाकांच्या बाहेरच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त हवी, म्हणजे चाकाची खूण राहत नाही. पण इंजिनाला झेपेल त्यापेक्षा मोठा नको.

पहिल्या वर्षी मोगडा, रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्र पुरतं. सोयाबीन करणाऱ्यांनी रुंद वरंबा सरीचं यंत्र बघावं. पाऊस जास्त झाला तर सरीतून निचरा होतो, कमी झाला तर ओल धरली जाते. आपल्या भागातलं यंत्र बघायला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा मे महिन्यातला खरीप मेळावा चांगला. तिथे शास्त्रज्ञांना जमिनीचा प्रकार सांगून विचारता येतं.

७. गाडीआधी मेकॅनिक बघा

मृग नक्षत्रात पेरणी चालू असताना क्लच गेला तर कोण येणार? जवळचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे? तिथे जाऊन क्लच प्लेट, फॅन बेल्ट, हायड्रॉलिकचे सील आणि सगळे फिल्टर यांचे भाव विचारा, आणि वस्तू कपाटात आहे का तेही बघा. 'दोन दिवसात मागवून देतो' असं उत्तर आलं तर ते जूनमध्ये आठ दिवस होतात हे धरून चाला.

त्या मॉडेलचे तीन मालक शोधा, निदान दोन वर्षं वापरलेले. त्यांना एकच विचारा: 'पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घ्याल का?' डीलरने दिलेले नंबर सोडून स्वतः शोधा.

८. डेमो आपल्याच रानात घ्या

शोरूमसमोरच्या मुरमावरचा डेमो काही कामाचा नाही. आपल्या रानात, वाफसा असताना एकदा आणि कोरड्यात एकदा असा मिळाला तर उत्तम. एकदाच मिळत असेल तर सगळ्यात कडक पट्टा निवडा.

टाकी काठोकाठ भरा, एक तास काम करा, परत काठोकाठ भरा. जेवढं लागलं तो खरा खप. २४ एचपीचा रोटा मारताना दोन ते तीन लिटर खातो.

मागच्या टायरवर खडूने खूण करा. औजार वर उचलून चाकाचे दहा फेरे होऊ द्या, अंतर मोजा. मग औजार मातीत टाकून दहा फेरे, परत मोजा. आधी शंभर फूट गेला आणि आता पंच्याऐंशी गेला तर चाक पंधरा टक्के घसरतंय. त्यापेक्षा जास्त घसरत असेल तर त्या रानाला तो ट्रॅक्टर कमी पडतोय.

औजार उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं बघा, खाली येतंय का. तापमानाचा काटा तासाभरात कुठे जातो ते पाहा. गिअर बदलताना आवाज ऐका. सगळ्यात हळू गिअरमध्ये चालवून बघा, कारण पेरणी आणि रोटा त्याच वेगाने होतात. आणि जो माणूस रोज चालवणार आहे, भाऊ असो, मुलगा असो की सालगडी, त्यालाच बसवा. पाय ब्रेकवर पुरतो का, गुडघे स्टेअरिंगला लागतात का, हे त्यालाच कळतं.

९. कोटेशन

निदान दोन डीलरकडून लेखी घ्या. सव्वातीन लाखांपासून सहा-सात लाखांपर्यंत मिनी ट्रॅक्टरच्या किमती जातात. दोन कोटेशनमधला फरक बऱ्याचदा गाळलेल्या गोष्टींत असतो: पासिंग (आरटीओची नोंदणी), विमा, हूक, टॉप लिंक, बंपर, पुढची वजनं, हूड. प्रत्येक ओळ वेगळी लिहून घ्या.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. मूळ किंमत साडेचार लाख असेल तर साडेएकतीस हजारांचा फरक. कोटेशनमध्ये कर पाच टक्केच लावलाय ना, ते बघा.

पाडवा, अक्षय्य तृतीया, दसऱ्याला गर्दी असते, बोलायला डीलरला वेळ नसतो. गाडी मुहूर्तावर घरी आणा, भाव आधी ठरवा. उत्पादनाचा महिना-वर्षही विचारा. मागच्या वर्षीची गाडी घ्यायला हरकत नाही, पण भाव तसा कमी झाला पाहिजे.

१०. कर्ज: 'फ्लॅट' हा शब्द ऐकला की थांबा

शोरूममध्येच फायनान्सवाला बसलेला असतो आणि एका दिवसात मंजुरी देतो. त्याने मला 'नऊ टक्के फक्त' सांगितलं होतं. नऊ टक्के फ्लॅट. चार लाखांवर पाच वर्षं नऊ टक्के म्हणजे व्याज १,८०,०००, कारण फेडलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच राहतं. बँकेचे दहा टक्के शिल्लक रकमेवर धरले तर सहामाही हप्त्याने व्याज १,१८,००० च्या आसपास. म्हणजे नऊ 'टक्के' दहापेक्षा बासष्ट हजारांनी महाग. शिल्लक रकमेवर मोजलं तर ते फ्लॅट व्याज पंधरा टक्क्यांच्या जवळ जातं. दुप्पट-तिप्पट हिशोब करू नका, फक्त विचारा: 'सगळे हप्ते मिळून एकूण किती भरायचे?' आणि तो आकडा लिहून घ्या.

बँक जमीन गहाण ठेवून घेते आणि सातबाऱ्यावर बोजा चढतो. वेळ लागतो, तीन-चार चकरा होतात. तरीही वाचणारे पैसे चकरांपेक्षा जास्त आहेत. हप्त्याच्या तारखा तुमचा माल विकण्याच्या काळात बसवून मागा. कपाशी-सोयाबीनवाल्याने डिसेंबर-जानेवारी, मोसंबीच्या आंबे बहारवाल्याने त्याच्या तोडणीनंतर.

११. अनुदान

राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करायचा. गेली काही वर्षं अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना किमतीच्या ५० टक्के किंवा सव्वा लाख, बाकीच्यांना ४० टक्के किंवा एक लाख, यांत जे कमी ते, अशी मर्यादा चालत आली आहे. अर्जाच्या वेळी चालू वर्षाचा आकडा कृषी सहायकाकडून पक्का करून घ्या. दोन हेक्टरपर्यंतचा शेतकरी अल्पभूधारक धरतात. फार्मर आयडी नसेल तर आधी तो काढा, त्याशिवाय अर्ज पुढे जात नाही.

इथे सगळ्यात जास्त लोक एकाच ठिकाणी फसतात: पूर्वसंमती यायच्या आधी गाडी उचलतात. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची असली की अनुदान गेलं. 'आज घ्या, अनुदान आम्ही बसवून देतो' असं कोणी म्हटलं तर नमस्कार करून बाहेर पडा. दुसरी चूक रोखीने पैसे देण्याची. पैसे बँकेतूनच द्या, म्हणजे पुरावा राहतो. तिसरी, आधार बँक खात्याला जोडलेलं नसतं आणि पैसे अडकतात.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी समाजकल्याण विभागाची वेगळी योजना आहे: ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि औजारं, साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान, गटाचा हिस्सा १० टक्के. गटातले किमान ८० टक्के सदस्य आणि अध्यक्ष-सचिव त्या घटकातले असावे लागतात. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

१२. कागदपत्रं

एका फायलीत, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स:

- ताजा सातबारा आणि ८-अ
- आधार, पॅन, फार्मर आयडी
- आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक
- पासपोर्ट फोटो
- जातीचा दाखला, लागू असेल तर
- कोटेशन आणि तपासणी अहवाल, अनुदानासाठी
- सोसायटी आणि इतर बँकांची बेबाकी (थकबाकी नसल्याचा दाखला), कर्जासाठी
- फेरफार, चतुःसीमा आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट, गहाणखत असेल तर

सातबारा सामाईक असेल तर भावांचं संमतिपत्र आधीच करून ठेवा. आमचं काम याच एका कागदासाठी महिनाभर अडलं होतं.

१३. गाडी ताब्यात घेताना

दिवसाउजेडी घ्या. चेसिस आणि इंजिन नंबर बिलाशी जुळवा, तासांचा मीटर बघा, टूलबॉक्स आणि ठरलेल्या वस्तू मोजा. बिल, फॉर्म २१ (विक्रीचा दाखला), फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला) आणि विम्याचा कागद हातात आल्याशिवाय निघू नका. ट्रॉली घेत असाल तर तिचं पासिंग वेगळं करावं लागतं, ते राहू देऊ नका.

जुना घेत असाल तर

सकाळी थंड इंजिन चालू करून दाखवायला सांगा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गिअर आपोआप निसटतो का, लिफ्ट धरून राहते का, ते बघा. आरसी बुकवर कोणत्या फायनान्सचं नाव आहे का ते वाचा. असेल तर एनओसी (फायनान्सचा ना-हरकत दाखला) आणि फॉर्म ३५ (आरसीवरचं फायनान्सचं नाव कमी करायचा) मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन नाव लगेच बदला. तुमच्या हातून अपघात झाला आणि कागद जुन्या मालकाच्या नावाने असतील तर दोघांचंही घर अडचणीत येतं.

पहिलं वर्ष

पीटीओच्या शाफ्टवरचं कव्हर काढू नका. उपरणं, साडीचा पदर, धोतराचा सोगा एका क्षणात ओढला जातो. आमच्या शेजारच्या शिवारात एका माणसाचा हात त्यात गेला. मडगार्डवर पोरांना बसवू नका, कितीही हट्ट केला तरी.

पहिली सर्व्हिसिंग पन्नास तासांना, चुकवू नका. कपाशीच्या आणि मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत कापूस आणि भुसा भरतो, रोज संध्याकाळी साफ करा. एअर क्लीनरही धुळीच्या दिवसांत रोज बघा. पहिल्या पायरीतली वही तशीच चालू ठेवा आणि मीटरवरचे तास दर महिन्याला त्यात लिहा. दुसऱ्याच्या रानात काम केलं तर त्याचेही.

शेवटचा हप्ता भरला की बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या, आरसी बुकवरचं बँकेचं नाव कमी करा, आणि तलाठ्याकडे अर्ज देऊन सातबाऱ्यावरचा बोजा उतरवा. हे आपोआप होत नाही. बोजा तसाच राहिला तर पुढच्या पीककर्जाच्या वेळी बँकेत तोच पुढे येतो. नवा सातबारा काढून तो उतरल्याची खात्री करून घ्या.